अधूनमधूनचा बिघाड : किनाऱ्यावरच्या जुन्या कॅम्पर व्हॅनचे इंजिन आणि त्याचे निदान

मोटारगाडीच्या इंजिनातील बिघाडांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातला बिघाड एकदा उद्भवला की दुरुस्तीपर्यंत टिकून राहतो. पट्टा तुटला, पंपाचा पडदा फाटला किंवा वायर जळाली की गाडी उभी राहते आणि मिस्त्रीने बॉनेट उघडले तेव्हाही तो बिघाड जागच्या जागी असतो. दुसऱ्या वर्गातला बिघाड मात्र येतो आणि आपोआप जातो. चढावर इंजिन गुदमरते, दहा मिनिटे थांबल्यावर काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते आणि गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत त्या बिघाडाचा मागमूसही उरत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा दुसरा वर्ग आहे, आणि तोही जुन्या, राहण्याजोग्या करून घेतलेल्या व्हॅनपुरता, म्हणजे ज्या गाडीत झोपायची फळी, शेगडी, पाण्याची टाकी आणि दुसरी बॅटरी बसवलेली असते आणि जिला हल्ली मराठीतही कॅम्पर व्हॅनच म्हटले जाते, तिच्यापुरता मर्यादित आहे.

या वर्गातल्या बिघाडाची खरी अडचण यंत्रापेक्षा तर्काची अधिक आहे. टिकून राहणाऱ्या बिघाडात संशयित भाग बदलून पाहणे ही पद्धत पुरेशी ठरते, कारण भाग बदलल्यावर बिघाड गेला तर तो त्या बदलामुळेच गेला असे मानायला आधार असतो. जो बिघाड हात न लावताही जाणारच होता, त्याच्या बाबतीत हा आधार उरत नाही. फिल्टर बदलला आणि गाडी चार दिवस नीट चालली, तर ती फिल्टरमुळे चालली की त्या चार दिवसांत बिघाडाला पोषक परिस्थितीच आली नाही, हे तेवढ्या अनुभवावरून सांगता येत नाही. तरीही श्रेय फिल्टरला मिळते, पुढच्या वेळी इंजिन थांबले की ते त्याच्याकडून काढून घेतले जाते आणि आधी नोजलला, मग पंपाला, मग आणखी कशाला तरी बहाल होते. अशा रीतीने शेवटी बदललेला भाग नेहमीच गुन्हेगार ठरतो, मालकाकडे सुस्थितीतल्या जुन्या भागांची पिशवी साठत जाते, आणि मूळ दोष, जो पुष्कळदा एखाद्या तांब्याच्या वॉशरमध्ये किंवा अर्थिंगच्या बोल्टखाली दडलेला असतो, तो अबाधित राहतो. या ग्रंथाची भूमिका अशी आहे की अधूनमधूनचा बिघाड जेव्हा मुद्दाम आणता येतो आणि मुद्दाम घालवता येतो, तेव्हाच त्याचे निदान झाले असे म्हणावे. त्याआधी जे काही हाती असते तो अंदाज होय.

भारतीय वैद्यकाला हा प्रश्न नवा नाही. आयुर्वेदाने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार मानले ते ताप किती वेळा आणि किती अंतराने चढतो यावरून, म्हणजे तापाची वेळ हेच त्याचे ओळखीचे लक्षण धरले. इंजिनाच्या बाबतीतही बिघाड कशाचा आहे याच्या आधी तो केव्हा येतो हे विचारावे लागते. इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, चढावर की सपाटीला, टाकी भरलेली असताना की अर्ध्याखाली गेल्यावर, पावसात की उन्हात, दिवे आणि पंखे चालू असताना की बंद असताना, ही प्रश्नावली कंटाळवाणी वाटली तरी तिच्यातले प्रत्येक उत्तर संशयितांची बरीचशी यादी खोडून टाकते, आणि तेही पाना हातात न घेता.

विवेचनासाठी काशीदचा किनारा आधाराला घेतला आहे. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातले हे गाव अलिबागच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. अलिबागहून रेवदंडा, तिथून कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल, मग कोर्लई, बोर्ली आणि काशीद, पुढे नांदगाववरून मुरूड, असा हा रस्ता कधी समुद्राला चिकटून तर कधी टेकड्यांवर चढून जातो आणि काशीदच्या मागे फणसाड अभयारण्याचे डोंगर उभे असतात. मुंबईहून किंवा पुण्याहून दिवसाच्या आत पोहोचता येत असल्यामुळे सुरूच्या झाडांलगत व्हॅन लावून एखाददुसरी रात्र काढणाऱ्यांना हा किनारा सोयीचा आहे, आणि २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या प्रकाराकडे पाहण्याची नजरही थोडी बदलली आहे. तथापि काशीद निवडण्याचे कारण रस्ता किंवा पर्यटन हे नसून तिथली हवा हे आहे.

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यांतले पाणी उडून जाते आणि मीठ गाडीच्या पत्र्यावर, वायरींच्या टोकांवर, जोडांच्या फटींत बसते. खाण्याचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले बाष्प ओढून घेऊन स्वतःच विरघळते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेले बाष्प. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओले होऊ लागते. परिणामी रात्रभर किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या जोडांवर पहाटे खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर असतो. हा थर विजेला नको तिथे वाट करून देतो, आणि त्याच्याखाली तांबे व पितळ गंजून साठलेला हिरवट क्षार तिला हव्या त्या ठिकाणी अडवतो. ऊन चढले की थर वाळतो, इंजिन तापले की धातू प्रसरण पावून सैल जोड आवळला जातो किंवा आवळलेला सैल होतो, आणि सकाळी कुरकुरणारी गाडी दुपारी सुतासारखी सरळ चालू लागते. हीच गाडी पुण्याच्या कोरड्या हवेत गेली की निर्दोष ठरते आणि तिथला मिस्त्री मालकाकडेच संशयाने पाहतो. त्यात दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते.

महाराष्ट्रात जुनी कॅम्पर म्हणून ज्या गाड्यांचे रूपांतर होते त्यांतल्या दोन या विवेचनात वारंवार येतील. पहिली टेम्पो ट्रॅव्हलर. न. के. फिरोदिया यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या, आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या टी-१ या व्हॅनवर आधारलेली ही गाडी १९८७ साली बाजारात आणली. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले तरी रस्त्यावर तिला टेम्पो ट्रॅव्हलर हेच नाव राहिले. तिच्या जुन्या आवृत्तीतले ओएम ६१६ हे सुमारे २.४ लिटरचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने इथे तयार होत असे. त्यात संगणकाचा संबंध नाही. डिझेल किती सोडायचे आणि केव्हा सोडायचे हे दोन्ही यांत्रिक पंपच ठरवतो, त्यामुळे त्याला विचारण्यासारखा कोणताही एरर कोड नसतो. दुसरी मारुतीची व्हॅन, जी १९८४ साली आली, पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन पुढच्या आसनांखाली बसवलेले असते, ही रचना जागा वाचवते आणि उष्णता कोंडते. युरोपात फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग-शेगडी बसवून देण्याचे काम वेस्टफालिया या कारखान्याने १९५०च्या दशकाच्या प्रारंभीच सुरू केले होते, आणि साठ-सत्तरच्या दशकांत तसल्या गाड्या इस्तंबूल, तेहरान, काबूल अशा वाटेने गोव्यापर्यंत येत. १९७९ साली इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानावरचे सोव्हिएत आक्रमण यांमुळे ती वाट बंद झाली. आपल्याकडचे रूपांतर मात्र बव्हंशी कारखान्यातले नसून सुतार, वेल्डर आणि ऑटो-इलेक्ट्रिशियन यांच्या हातचे असते, आणि निदान करणाऱ्याला याचे परिणाम पदोपदी जाणवतात.

डिझेल गाडीत इंधनाच्या वाटेचे दोन भाग पाडून विचार करणे आवश्यक आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा असतो आणि तिथून पुढे फिल्टरमधून इंजेक्शन पंपापर्यंतचा भाग दाबाचा. फीड पंप म्हणजे टाकीतले डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप, ज्याला हाताने डिझेल चढवण्यासाठी मूठही दिलेली असते. दाबाच्या भागात फट पडली तर डिझेल बाहेर झिरपते, त्यावर धूळ बसते आणि काळा डाग पडून दोष नजरेला येतो. ओढीच्या भागात फट पडली तर इंजिन चालू असताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते आणि बाहेरून सारे कोरडे दिसते. गॅरेजमध्ये याला गाडी ‘एअर घेते’ म्हणतात. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. नोजल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तोंड, उघडण्यासाठी पंपाला शंभर बारहून अधिक दाब निर्माण करावा लागतो आणि वाटेत बुडबुडा आला की पंपाची ती खेप बुडबुडा आवळण्यातच खर्ची पडते, नोजल उघडत नाही आणि तो सिलिंडर मिस मारतो.

ही फट अधूनमधूनच का जाणवते याचे उत्तर टाकीच्या पातळीत आहे. टाकी भरलेली असताना डिझेल फार उंच उचलावे लागत नाही, ओढ कमी पडते आणि सूक्ष्म फटीतून नगण्य हवा येते; टाकी अर्ध्याखाली गेली, त्यात टेकडीचा चढ लागला आणि ॲक्सिलरेटर खोल दाबला की ओढ वाढते आणि तीच फट पुरेशी हवा आत घेऊ लागते. म्हणून अलिबागला टाकी भरून निघालेली गाडी काशीदपर्यंत विनातक्रार येते आणि पुढे टाकी अर्ध्याखाली गेल्यावर, जवळजवळ त्याच चढांवर, झटके देते. रात्रभर उभ्या गाडीत याच फटीतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल टाकीत परत उतरते, त्यामुळे सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. फीड पंपाची मूठ दहावीस वेळा दाबल्यावर इंजिन लगेच लागत असेल तर संशय पक्का होत जातो. त्यापुढची परीक्षा स्वस्त आहे आणि निर्णायकही. इंजेक्शन पंपाच्या आधी डिझेलला टिकेल अशा पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवून त्यातून बुडबुडे जातात का ते पाहायचे; जात असतील तर गाडीची टाकी बाजूला ठेवून, स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाजवळ घट्ट बांधून, नव्या नळीने फीड पंपाला जोडायचा. डब्यावर बुडबुडे थांबले आणि जुनी नळी परत जोडताच पुन्हा सुरू झाले तर दोष त्या जुन्या वाटेत आहे हे सिद्ध होते, आणि मग बँजो बोल्टचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर, चेसिसला घासलेली नळी, क्लिपखाली चिरलेला रबराचा तुकडा हे एकेक करून तपासता येते. बिघाड आणणे आणि घालवणे असे जे वर म्हटले त्याचा व्यवहारातला अर्थ हा.

ओढीच्याच भागातला दुसरा दोष अधिक फसवा आहे. उष्ण आणि दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीच्या आतल्या बाजूला पाणी सुटते, ते डिझेलच्या तळाशी साठते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या पातळीवर सूक्ष्मजीव वाढून बुळबुळीत काळा गाळ तयार करतात. रोज धावणाऱ्या प्रवासी गाडीत ही वाढ फारशी होत नाही, पण पावसाळाभर शेडमध्ये उभी राहणारी आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर काढली जाणारी कॅम्पर ही त्यासाठी आदर्श जागा ठरते. गाडी सपाटीला हळू चालते तोवर गाळ तळाशी असतो. वळणांवर आणि खड्ड्यांत टाकी ढवळली की तो ओढीबरोबर नळीच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसतो, इंजिनाला डिझेल कमी पडते, ते आचके देऊन थांबते. थांबताच ओढ संपते, गाळ जाळीवरून सुटून पुन्हा खाली बसतो, आणि थोड्या वेळाने गाडी निमूट चालू होते. टाकीत हवा येऊ देणारे बारीक छिद्र बुजले असता हुबेहूब असेच घडते, फरक इतकाच की तिथे गाडी थांबल्याक्षणी झाकण सैल केले तर हवा आत जाण्याचा फुस्स असा आवाज येतो आणि इंजिन वाट न पाहता लागते. पाच सेकंदांची ही परीक्षा इंजिन बंद पडते त्याच जागी करावी लागते. गाडी ओढत रेवदंड्याला नेल्यावर तिचा उपयोग नाही.

पेट्रोलच्या गाडीत थांबून पुन्हा चालू होण्याचे हेच दृश्य अगदी वेगळ्या कारणाने दिसते, आणि म्हणूनच वेळापत्रक जुळले एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. इग्निशन कॉइल म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टपासून प्लगला ठिणगी पाडण्याजोगा हजारो व्होल्टचा दाब निर्माण करणारी तारेची वेटोळी. जुन्या कॉइलमधली तार आत कुठे तुटली असेल तर थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकलेली राहतात, तापली की प्रसरणाने दूर होतात, ठिणगी बंद पडते. निवली की पुन्हा टेकतात. आसनांखाली इंजिन असलेल्या ओम्नीत, एप्रिल-मेच्या उन्हात, गर्दीच्या रस्त्यावर रांगत जाताना ही स्थिती सहज येते. नेमकी त्याच हवेत पेट्रोल नळीत उकळून त्याची वाफ होण्याचा, म्हणजे व्हेपर लॉकचा, प्रकारही घडतो, कारण पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला असतो आणि वाफेपुढे त्याचे काही चालत नाही. या दोहोंमध्ये फरक करण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. ठिणगीने मरणारे इंजिन चावी फिरवल्यासारखे एकाएकी थांबते, इंधनाने मरणारे इंजिन अडखळत, झटके देत, पिकअप सोडत थांबते; आणि खात्रीसाठी थांबल्याबरोबर, काही निवण्याआधी, एक प्लग काढून, त्याचे भोक झाकून आणि प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पडते की नाही ते पाहायचे असते. सांडलेले पेट्रोल किंवा त्याचा वास आसपास असताना ही परीक्षा करू नये, आणि कॅम्परमध्ये शेगडीचे सिलिंडर असते हेही विसरता कामा नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर गाडीच्या तळाशी साचून राहतो.

पेट्रोलबद्दल एक भर अलीकडच्या काळाने घातली आहे. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे मिश्रण पंपांवर येऊ लागले. कार्ब्युरेटरच्या जमान्यातील रबरी नळ्या आणि पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, ते फुगतात किंवा मऊ पडतात. शिवाय इथेनॉल हवेतले बाष्प शोषते आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. महिनोन्महिने दमट किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कार्ब्युरेटरच्या ओम्नीत जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, बुजवणारा पांढरट भुगा सापडला, तर त्याचे कारण फार लांब शोधायला नको.

विजेच्या बाजूचा विचार मात्र दोन्ही गाड्यांना सारखाच लागू पडतो. डिझेल इंजिनाला चालताना ठिणगी लागत नाही हे खरे, पण ज्या गाड्यांत डिझेल बंद करण्यासाठी ओढायच्या वायरऐवजी विजेवर उघडा राहणारा सॉलिनॉइड, म्हणजे वीज मिळत असेपर्यंत झडप उघडी धरणारे चुंबक, बसवलेले असते, त्यांत एक सैल टर्मिनल अख्खे इंजिन क्षणार्धात बंद करते. इथे मोजायची गोष्ट म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, अर्थात वीज वाहत असताना एखाद्या जोडावर वाया जाणारे व्होल्ट. स्टार्टर फिरताना सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढत असेल तर ०.०१ ओहम इतक्या क्षुल्लक अडथळ्यावर दीड व्होल्ट खर्ची पडतो. उलट चार अँपिअर घेणाऱ्या कॉइलच्या वाटेवर एक ओहमचा गंजका जोड चार व्होल्ट गिळतो. गाडी बंद असताना त्याच जोडाला मल्टिमीटर लावला तर बॅटरीचे पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात आणि वायरमन सगळे ठीक असल्याचा निर्वाळा देतो, कारण प्रवाहच नाही तर घट कशी दिसणार? म्हणून मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून स्टार्टर फिरवायचा आणि तेव्हा आकडा वाचायचा. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे जात असेल तर अर्थिंगची पट्टी काढून, दोन्ही बाजू पत्रा चमकेपर्यंत घासून, ग्रीस लावून पुन्हा बसवावी. किनाऱ्यावरच्या गाडीत निदानाची सुरुवात याच कामाने करावी, भाग बदलण्याने नव्हे, हे या ग्रंथाचे मत पुढे सविस्तर मांडले आहे.

कॅम्परमध्ये या बाजूला आणखी एक पदर असतो. दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर, पंखे, लहान फ्रिज यांच्या वायरी कंपनीच्या वायरिंगवर मागाहून चढवलेल्या असतात. कुणी त्यांचे अर्थिंग रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने दिलेले असते, कुणी प्लायवूडची फळी ठोकताना तिचा स्क्रू मागच्या वायरिंगच्या जुडग्यातून आरपार नेलेला असतो, आणि उभ्या गाडीत राहायला आलेल्या उंदरांनी उरलेले काम पूर्ण केलेले असते. गाडी एका बाजूला कलली, फळीवर कोणी बसले, की स्क्रू तारेला टेकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, पण आतल्या वायरींचा नकाशा कोणत्याही कचेरीत नोंदवला जात नाही. त्यामुळे कंपनीची सर्किट-आकृती आणि समोरची गाडी यांचा मेळ बसत नाही, आणि अशा गाडीत फ्यूजपासून टोकापर्यंत प्रत्येक वाढीव वायर माग काढून कागदावर उतरवणे हा तपासाचा वेळखाऊ पण टाळता न येणारा भाग ठरतो.

निदान रेंगाळण्याला धंद्याची रचनाही कारणीभूत आहे. आपल्याकडे इंजिन उघडणारा मिस्त्री वेगळा, वायरिंग पाहणारा वेगळा, आणि डिझेलचा पंप व नोजल तपासणारा पंपरूमवाला वेगळा. प्रत्येकजण आपल्या कामात वाकबगार असतो, पण अधूनमधूनचा बिघाड या तिघांच्या हद्दींवर राहतो. मिस्त्रीला तो वायरिंगचा वाटतो, वायरमनला पंपाचा, आणि पंपरूममध्ये टेस्ट बेंचवर चढवलेला पंप निर्दोष निघतो, कारण तिथे त्याला स्वच्छ डिझेल आणि बुडबुडे नसलेली नळी मिळालेली असते. विमानांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या देखभालीतही नेमकी हीच अडचण येते आणि तिथे अशा निष्कर्षाला ‘नो फॉल्ट फाउंड’ असे नावच पडले आहे. तिघांकडे एकच कागद असणे हा यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे. बिघाड आला तेव्हाची वेळ, हवा, टाकीची पातळी, तापमानाचा काटा, चढ की सपाट, चालू असलेली उपकरणे आणि तो किती वेळाने गेला, एवढे मालकाने त्याच दिवशी लिहून ठेवलेले असेल तर मिस्त्रीच्या अनुभवाला काम करायला जागा मिळते. ‘गाडी मध्येच बंद पडते’ एवढ्या तक्रारीवर सर्वांत हुशार मिस्त्रीही भाग बदलण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

मुद्दाम बिघाड आणण्याच्या युक्त्या साध्या आहेत. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग. त्याच्या टोपीवर आणि वायरींवर अंधारात, हात दूर ठेवून, बारीक पाण्याचा फवारा मारला तर खारटलेल्या जागी निळसर ठिणग्या उडताना दिसतात, आणि पावसाळी सकाळचा दोष कोरड्या संध्याकाळी हजर करता येतो. संशयित सेन्सर किंवा कॉइल केस वाळवण्याच्या यंत्राने तापवता येते, इंजिन बंद पडल्यावर ओल्या फडक्याने निववता येते. वायरींचे जुडगे एका माणसाने हळूहळू हलवायचे आणि दुसऱ्याने मीटरवर नजर ठेवायची. पूर्वतापन करणारे ग्लो प्लग, म्हणजे डिझेल इंजिन थंड असताना ज्वलनकक्ष तापवणाऱ्या कांड्या, हा मात्र वेगळा मामला आहे. कोकणात थंडी अशी फारशी पडत नाही, त्यामुळे चारांपैकी एकदोन निकामी झाले तरी वर्षभर कळत नाही, आणि जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पांढरा धूर सोडत इंजिन लागेनासे झाले की लोक त्याला नवा बिघाड समजतात.

एकाच वेळी दोन दोष असतील तर वरची सारी पद्धत डळमळते, हे मान्य केले पाहिजे. गळकी नळी दुरुस्त झाल्यावरही इंजिन झटके देत राहिले तर नळीचे निदान चुकले असे वाटू लागते. प्रत्यक्षात ते बरोबर असते आणि मागे अर्थिंगचा दुसरा दोष शिल्लक असतो. मीठ, ओल आणि वय यांनी एकच जोड गंजवून बाकीचे सोडून दिलेले नसतात, म्हणून वीस-पंचवीस वर्षांच्या किनारी गाडीत ही शक्यता अपवाद मानता येत नाही. यासाठीच एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद ठेवावी.

काही बिघाड इतके करूनही मागणीबरहुकूम येत नाहीत. अशा वेळी गाडीबरोबर प्रवास करील असे मोजमाप बसवून वाट पाहणे उरते. फीड पंपाच्या ओढीच्या बाजूला टी-जोड घालून व्हॅक्यूमचा काटा बसवायचा, आणि कॉइलच्या किंवा सॉलिनॉइडच्या टोकापासून फ्यूज घालून दोन वायरी पुढे आणून डॅशबोर्डवर लहान व्होल्टमीटर लावायचा. इंजिन गुदमरत असताना व्होल्ट जागेवर आणि ओढीचा काटा चढलेला दिसला तर जाळी, छिद्र किंवा चोक झालेल्या नळीकडे वळावे. दोन्ही काटे जागेवर राहिले आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर फटीकडे. आणि व्होल्टमीटर एकदम खाली आला तर पाने ठेवून मल्टिमीटर घ्यावा. साळाव ते मुरूड या पट्ट्यात, टाकी निम्मी ठेवून आणि गाडीत नेहमीचे सामान भरून अशा फेऱ्या केल्या तर चढ, खड्डे, खारा वारा आणि उष्णता या चारही गोष्टी एका सकाळीत भेटतात.